अवघड असू दे, पण दार उघडं ठेवा

"तो कोर्स आपल्यासाठी नाही रे."

हे वाक्य मी गेल्या तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यावर लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. आमच्या टीममधला एक सीनियर म्हणाला. त्याची गोल्फची हौस वर्षातून एकदा, कंपनीच्या खर्चाने भागते. पुण्यातला एक मित्र म्हणाला, ज्याने आयुष्यात क्लब हातात धरलेला नाही. आणि सगळ्यात शहाजोगपणे म्हणाले ते रेंजवरचे काका. त्यांचा सूर काळजीचा, पण अर्थ स्पष्ट: तुमच्यासारखे नवशिके तिथे गेले की आमचा वेळ जातो.

मंडळी, विषय गोल्फचा आहे. लगेच बॅक बटण दाबू नका. गोल्फ म्हणजे टोपी घातलेल्या म्हाताऱ्यांचा आणि व्हाईस प्रेसिडेंटांचा खेळ, असं मलाही अमेरिकेत येईपर्यंत वाटायचं. आणि तसं का वाटायचं, याच्याशीच आजच्या भांडणाचा संबंध आहे.

तर कोर्स कुठला? बेथपेज ब्लॅक. न्यूयॉर्क शहरापासून तास-सव्वा तासावर, लाँग आयलंडमधल्या फार्मिंगडेल गावाजवळ बेथपेज स्टेट पार्क आहे. स्टेट पार्क, म्हणजे सरकारी. त्यात पाच गोल्फ कोर्स आहेत, रंगांच्या नावांचे: यलो, ग्रीन, ब्लू, रेड आणि ब्लॅक. ब्लॅक त्यातला सगळ्यात अवघड. पहिल्या टीपाशी कुंपणावर एक पाटी लावलेली आहे. तिचा मतितार्थ असा, की हा कोर्स अत्यंत अवघड आहे आणि आम्ही तो फक्त अतिशय कुशल खेळाडूंनाच सुचवतो. लोक या पाटीबरोबर फोटो काढतात. मीही काढला.

पण पाटी नीट वाचा की राव! 'सुचवतो' असं लिहिलंय. 'मनाई आहे' असं लिहिलेलं नाही. खिडकीवर कुणी तुमचा हँडिकॅप विचारत नाही, कुणाच्या शिफारशीचं पत्र मागत नाही. पैसे भरा, बॅग खांद्यावर टाका, चालायला लागा. (चालायलाच लागतं, ब्लॅकवर गोल्फ कार्ट मिळत नाही.) न्यूयॉर्कच्या रहिवाशांना दर बराच कमी पडतो. मी न्यू जर्सीचा, म्हणून मला परराज्यातला चढा दर लागला. त्याबद्दल तक्रार नाही, कर त्यांनी भरलाय. सकाळच्या काही वेळा रांगेत थांबणाऱ्यांसाठी असतात, म्हणून लोक रात्रीच येऊन नंबर घातलेल्या जागांवर गाड्या लावतात आणि गाडीतच झोपतात. आम्ही चौघंही तसेच झोपलो. शेजारच्या गाडीत एक प्लंबर आणि त्याचा मुलगा होता. पलीकडे कोण होतं ते माहीत नाही, पण तो पहाटेपर्यंत घोरत होता.

आता ही जागा किती 'लायकी'ची आहे ते सांगतो. कोर्स १९३६ साली सुरू झाला, महामंदीच्या दिवसांत, सरकारी रोजगार योजनेवरच्या मजुरांच्या हातांनी. आराखड्याचं श्रेय ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट या नामांकित डिझायनरला देतात. पार्कचा त्या वेळचा सुपरिंटेंडंट जोसेफ बर्बेक याचा वाटा किती, यावर अजून वाद घालणारे लोक आहेत. २००२ साली इथे यूएस ओपन झाली. संपूर्णपणे सरकारी मालकीच्या, आम जनतेच्या कोर्सवर ती स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ. टायगर वूड्स जिंकला आणि चार दिवसांचा हिशेब पारच्या खाली राखणारा तो एकटाच होता. २००९ साली पुन्हा यूएस ओपन, ल्यूकस ग्लोव्हर. २०१९ साली पीजीए चॅम्पियनशिप, ब्रूक्स केप्का. आणि २०२५ साली रायडर कप, ज्यात युरोपने अमेरिकेला तिच्याच अंगणात १५-१३ असं हरवलं आणि प्रेक्षकांनी रॉरी मॅकिलरॉयला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आता विचार करा. गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्याला रविवारी वानखेडेवर खेळायला मिळतं का? विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर तुम्ही आणि तुमचा रूममेट जाऊन एक सेट टाकू शकता का? नाही. गोल्फ हा असा दुर्मिळ खेळ आहे, की जिथे टायगर अडकला त्याच वाळूत, त्याच उतारावर, सोमवारी स्टँडअप मीटिंगला उभा राहणारा माणूसही अडकू शकतो. माझ्या मते गोल्फमधली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे. आणि नेमकी तीच गोष्ट 'आपल्यासाठी नाही' म्हणून सोडून द्यायची?

ट्रेकिंगवाल्यांना हे लगेच कळेल. राजमाची, लोहगड करणारा पोरगा एक दिवस म्हणतो, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट करायची. शहाणा सीनियर त्याला सांगतो, दोर घे, पाणी घे, माहीतगार बरोबर घे, मे महिन्यात जाऊ नकोस. 'ती वाट आपल्यासाठी नाही' असं तो म्हणत नाही. गोल्फमध्ये तर कडाही नाही आणि दरीही नाही. फार तर चेंडू हरवतात.

माझे आठ हरवले. स्कोअर झाला १२१, पार ७१. म्हणजे पारपेक्षा बरोब्बर पन्नास जास्त, आणि तेही मधल्या पांढऱ्या टीवरून. हे सांगताना मला काडीचाही संकोच वाटत नाही. अर्धशतक आहे शेवटी :)

थोडं मैदानाबद्दल सांगतो, कारण अवघड म्हणजे नेमकं काय हे कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. चौथं होल पार पाचचं. टीवर उभं राहिलं की समोर डोंगरउतारावर वाळूचा एक पांढरा अजस्र पट्टा फेअरवेला आडवा पसरलेला दिसतो. फोटोत तो सुंदर दिसतो. प्रत्यक्षात तुमचा दुसरा फटका तो ओलांडणार का, हे तुम्हाला तिथे उभं राहून ठरवावं लागतं आणि ठरवताना खोटं बोलता येत नाही. मी बंकरच्या अलीकडे छोटा फटका मारून थांबलो, मग तिसऱ्याने ओलांडला, सात फटक्यांत होल संपवलं. माझा मित्र 'बघू काय होतं' म्हणाला आणि वाळूतून बाहेर यायला त्याला चार फटके लागले. पंधराव्या होलचं ग्रीन टेकडीच्या माथ्यावर आहे. खालून झेंड्याचं फक्त टोक दिसतं, आणि तिथवर पोचेपर्यंत तुम्ही बॅग घेऊन तीन-चार तास चाललेले असता. फेअरवे सोडला की रफ, त्याच्यापलीकडे गुडघाभर वाळलेलं पिवळं गवत. त्यात चेंडू गेला तर दोन मिनिटं शोधायचा आणि रामराम म्हणायचं.

पण एक गोष्ट बघा. अठरा होलमध्ये पाणी जवळजवळ नाहीच. आठव्या होलवर एक तळं आहे, बस्स. सगळा अवघडपणा लांबीत, चढात, वाळूत आणि गवतात. म्हणजे तुम्ही चुकलात तरी बहुतेक वेळा चेंडू सापडतो आणि तुम्ही पुन्हा खेळता. वाईट खेळता, पण खेळता. याउलट फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचं सतरावं होल घ्या. पीट डायचं ते जगप्रसिद्ध बेटासारखं ग्रीन. अंतर फक्त १३७ यार्डांच्या आसपास, पण चहूबाजूंनी पाणी. एक तर तुम्ही बेटावर, नाही तर तळ्यात. अधलंमधलं काही नाही. टीव्हीवर बघायला झकास आहे! पण ज्याचा फटका थोडा कमी पडतो त्याला तिथे करण्यासारखं काहीच नाही. माझ्या दृष्टीने हा वाईट अवघडपणा. कोडमध्ये एक अर्धविराम चुकला म्हणून अख्खा सर्व्हर बंद पडावा तसा.

गंमत अशी की टिलिंगहास्टलाही हा फरक पक्का ठाऊक होता. १९३५ नंतर त्याने अमेरिकेच्या पीजीएतर्फे देशभर फिरून शेकडो कोर्स तपासले आणि जागोजागी एकच सल्ला दिला: चांगल्या खेळाडूला आड न येणारे, फक्त नवशिक्यांना छळणारे बंकर बुजवून टाका. असे हजारो बंकर त्याने काढायला सुचवले. ब्लॅकशी ज्याचं नाव जोडलंय तोच हा माणूस. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला नव्हे, पण तिथली परंपरा कोळून प्यालेला. त्याच पठडीतला अ‍ॅलिस्टर मॅकेंझी, ज्याने बॉबी जोन्सबरोबर ऑगस्टा घडवलं, त्याने १९२० साली पुस्तकच लिहिलं आणि त्यात हरवलेले चेंडू शोधण्याच्या वैतागावर सरळ टीका केली. म्हणजे 'अवघड कोर्स फक्त चॅम्पियनांसाठी' हे तत्त्वज्ञान कोर्स बांधणाऱ्या दिग्गजांचं नव्हे. ते नंतर आलेल्या द्वारपालांचं आहे.

आता काकांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो अगदीच पोकळ नाही. नवशिके अवघड कोर्सवर गेले की खेळ रखडतो. खरंय. मागचे चार जण कंबरेवर हात ठेवून उभे राहतात. पण खेळ का रखडतो, हे मोजून बघा ना, आपण इंजिनियर आहोत! व्यावसायिक खेळाडूचा ड्राईव्ह तीनशे यार्डांच्या आसपास. हौशी माणसाचा सव्वादोनशेला पोचला तरी पुष्कळ. ब्लॅक मागच्या टीवरून ७,४०० यार्डांहून जास्त आहे. साधं त्रैराशिक मांडा: २२५ भागिले ३००, गुणिले ७,४००. उत्तर येतं ५,५५०. म्हणजे हौशी माणसाने ५,५५० यार्डांवरून खेळलं तर त्याला साधारण तेवढाच लांब कोर्स वाटेल जेवढा व्यावसायिकाला ७,४०० वाटतो. अमेरिकेत यूएसजीए आणि पीजीएने २०११ साली 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम काढली ती याच हिशेबावर. आणि तरी मागच्या टीवर कोण उभं असतं? नवशिका पोरगा नाही. पन्नाशीचे, नवा कोरा ड्रायव्हर घेतलेले, हँडिकॅप १८ असलेले गृहस्थ, ज्यांना पुढच्या टीवरून खेळणं म्हणजे बायकी वाटतं. (हा शब्द त्यांचा. मला त्यात अपमान काय आहे ते कळलेलं नाही. आमच्या ऑफिसमधली एक मुलगी पुढच्या टीवरून खेळून मला दर वेळी दहा फटक्यांनी हरवते.) २००२ च्या यूएस ओपनमध्ये दुसऱ्या दिवशी पावसात दहाव्या होलवर काही व्यावसायिकांचासुद्धा ड्राईव्ह फेअरवेपर्यंत पोचत नव्हता. मग तुम्ही कुठले तीस मार खान?

आमच्या फेरीला साडेपाच तास लागले. पुढच्या ग्रुपला गाठून आम्ही चार वेळा थांबलो, मागचे आमच्यासाठी एकदाही थांबले नाहीत. युक्ती काही मोठी नाही. चेंडू दोन मिनिटांत सापडला नाही तर सोडायचा, आणि होलवर ठरावीक आकडा ओलांडला की चेंडू उचलून खिशात. हँडिकॅपच्या हिशेबातही एका होलचा स्कोअर 'नेट डबल बोगी'च्या पुढे मोजतच नाहीत. जागतिक हँडिकॅप पद्धत २०२० पासून हेच सांगते. माझ्या १२१ मधले काही फटके त्या हिशेबात गळूनच जातात, पण मी ते मोजले, कारण मला आकडा बघायचा होता.

आणि हँडिकॅपचं गणित तर अवघड कोर्सच्या बाजूनेच उभं आहे. प्रत्येक कोर्सला, प्रत्येक टीला 'स्लोप' नावाचा आकडा असतो. कमीत कमी ५५, जास्तीत जास्त १५५, प्रमाण ११३. पट्टीच्या खेळाडूच्या तुलनेत बेताच्या खेळाडूला कोर्स किती जास्त छळतो त्याचं हे माप. माझा हँडिकॅप २४. स्लोप समजा १४८ धरला, तर २४ गुणिले १४८ भागिले ११३, म्हणजे ३१ फटके पदरात पडतात. म्हणजे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलंय की चोवीसवाला माणूस अशा कोर्सवर जाणार आणि जास्त मार खाणार, तर त्याची सोय करून ठेवा. तो येऊच नये असं त्यांना वाटत असतं तर हा भागाकार कशाला केला असता?

आता मला ज्याचा खरा राग आहे त्याकडे.

ब्लॅकपासून तासाभराच्या अंतरावर, त्याच न्यूयॉर्क राज्यात विंग्ड फूट आहे. टिलिंगहास्टचाच कोर्स, यूएस ओपनचाच. आमच्या न्यू जर्सीत बाल्टसरॉल आहे, तोही त्याचाच. दोन्हीकडे सभासदाने बोलावल्याशिवाय तुम्ही फाटकाच्या आत जाऊ शकत नाही. न्यू जर्सीतच पाईन व्हॅली आहे, ज्याला कित्येक लोक जगातला सर्वोत्तम कोर्स म्हणतात. तिथे बायकांना सभासद करून घ्यायचं ठरलं ते २०२१ साली. एकविसाव्या शतकात, आयफोन येऊन चौदा वर्षं झाल्यावर! यातल्या एकाही फाटकावर 'कोर्स अवघड आहे' अशी इशाऱ्याची पाटी लावायची गरज नाही. अडवायचं काम फाटकच करतं.

आणि आपल्याकडे? इंग्लंड-स्कॉटलंडच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब कलकत्त्यात, १८२९ सालचा. म्हणजे हा खेळ आपल्याकडे येऊन दोनशे वर्षं होत आली. त्या दोनशे वर्षांत सर्वसामान्य माणसाला पैसे भरून, ओळख न दाखवता खेळता येईल असे किती कोर्स झाले? मी पुण्यात वाढलो. घरापासून सायकलच्या अंतरावर एक गोल्फ क्लब होता. मला त्याची भिंत पाठ होती. बारावीपर्यंत भिंतीच्या आत काय आहे हे मी एकदाही पाहिलं नाही. २०१७ साली राजधानीतल्या एका बड्या गोल्फ क्लबच्या जेवणाच्या हॉलमधून एका खासी बाईला उठवलं गेलं. ती रीतसर पाहुणी म्हणून आली होती, पण तिचा पारंपरिक पोशाख मोलकरणीसारखा दिसतो म्हणे. पेपरात छापून आलं, माफी मागितली गेली, विषय संपला.

आणि तरीही बघा, या खेळात आपल्याकडची नावं कुठून आली. अली शेर एके काळी दिल्लीत कॅडी होता. १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ साली पुन्हा. शिव चौरसिया म्हणजे कलकत्त्याच्या त्याच जुन्या क्लबमध्ये गवताची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा. २०१७ साली इंडियन ओपन गुडगावला झाली, गॅरी प्लेअरने आखलेल्या कोर्सवर. तो कोर्स भल्याभल्यांना रडवणारा आहे. चौरसिया तिथे जिंकला, तोही सात फटक्यांनी! 'हा कोर्स आपल्यासाठी नाही' हे वाक्य त्याला लहानपणी किती जणांनी ऐकवलं असेल?

आता बिल्डर. पुण्याच्या आसपास वीकांताला फ्लॅट बघायला गेलात तर गुळगुळीत ब्रोशरमध्ये हमखास दिसतं: 'चॅम्पियनशिप गोल्फ कोर्स'. या शब्दाला कुठल्याही संघटनेची व्याख्या नाही की शिक्का नाही. कुणीही लिहावं. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच, की मागच्या टीवरून तो सात हजार यार्डांच्या वर ताणलेला आहे आणि घरं विकायची आहेत. बेथपेज ब्लॅकने चार मोठ्या स्पर्धा पचवल्या आणि स्वतःची जाहिरात कशी केली? 'बाबांनो, अवघड आहे, जपून' अशी पाटी लावून. आमच्याकडे एकही मोठी स्पर्धा न झालेला कोर्स चॅम्पियनशिप, आणि तोही फक्त बाल्कनीतून बघायचा!

इथे कुणीतरी पाण्याचा मुद्दा काढणार हे मला माहीत आहे, आणि काढलाच पाहिजे. मार्च संपला की ज्या राज्यात टँकर सुरू होतात तिथे शंभर-दीडशे एकर हिरवळ भिजवायची म्हणजे उत्तर द्यावं लागणारच. सांडपाणी शुद्ध करून वापरा, वाळकं गवत राहू द्या, लिंक्सवर ते तसंच असतं आणि खेळ उलट जास्त मजेदार होतो. पण हे सगळं केल्यावरही जमीन जाते, पाणी जातं. दोनशे सभासदांसाठी एवढं देण्याचं समर्थन मला करता येत नाही. रांगेत उभं राहून कुणालाही खेळता येणार असेल, कॅडीच्या पोराला फक्त सोमवारी नव्हे तर रविवारीही, तर मी त्या बाजूने भांडायला तयार आहे. बाग, ग्रंथालय, जलतरण तलाव यांना आपण जसं पाणी आणि जागा देतो तसं.

आणि मग तो कोर्स सोपा करू नका, प्लीज. 'आम जनतेसाठी' म्हटलं की आपल्याकडे सपाट, छोटं, गुळमुळीत काहीतरी उरकून टाकायची पद्धत आहे. शेजारी सोपे चार ठेवा, यलो, ग्रीन, ब्लू, रेड आहेतच की बेथपेजला. पण एक काळा हवा.

असो. पुढच्या महिन्यात आम्ही परत जातोय. गाडीत एक जागा आहे. जुने चेंडू दोन डझन, चालायचे चांगले बूट, आणि रात्री पार्किंगमध्ये थंडी वाजते म्हणून एक जाड चादर. हँडिकॅप काहीही चालेल. मागच्या टीवरून खेळायचा हट्ट असेल तर मात्र दुसरी गाडी बघा.